‘एकतर्फी प्रेमातून’, ‘किरकोळ कारणावरून’ : गुन्ह्याच्या बातमीतली मवाळ भाषा

पागोळी

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या शहर आणि जिल्हा पानांवर गुन्ह्यांच्या बातम्यांची एक ठरलेली शब्दावली असते आणि ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की मथळा वाचताना आपण तिच्याकडे लक्षही देत नाही. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार’, ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘किरकोळ कारणावरून तरुणाला भोसकले’, ‘कौटुंबिक वादातून विवाहितेने जीवन संपवले’, ‘प्रेमात अडसर ठरणाऱ्या पतीचा काढला काटा’. हे मथळे कोणत्याही एका दैनिकातून उचललेले नाहीत, पण कोणतेही दैनिक महिनाभर चाळले तर यांची भावंडे सापडतीलच.

या मथळ्यांत हिंसा लपवलेली नसते. कोयता, दगड, ॲसिड, ‘सपासप वार’, ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हे सगळे त्यांत असते, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच असते. मवाळपणा येतो तो कारण सांगणाऱ्या भागात. ‘प्रेमातून’, ‘वादातून’, ‘रागातून’, ‘संशयावरून’ या शब्दांना चिकटलेले ‘-तून’ आणि ‘-वरून’ काय करतात ते पाहावे. झऱ्यातून पाणी यावे तसा खून एखाद्या भावनेतून आपोआप बाहेर आल्यासारखा वाटतो आणि ज्याने तो केला त्याने काही ठरवले होते, हत्यार मिळवले होते, वाट पाहिली होती, हा सगळा भाग वाक्याबाहेर राहतो. मराठी मथळ्यात क्रियापद बहुधा गळलेले असते आणि क्रियापदाबरोबर कर्ताही गळतो. ‘पतीने पत्नीचा खून केला’ या वाक्यात पती आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ या मथळ्यात पत्नी आहे, तिचे चारित्र्य आहे, संशय आहे, पण पती नाही.

त्याहून गंभीर प्रश्न हा आहे की हे कारण सांगितले कोणी? संशय होता ही माहिती मृत स्त्री देऊ शकत नाही. ती बहुतेक वेळा आरोपीने पोलिसांना सांगितलेली असते. म्हणजे आरोपीची बाजू वर्तमानपत्र स्वतःच्या आवाजात, ‘असे त्याने सांगितले’ हे शेपूटही न लावता, सर्वांत मोठ्या टायपात छापते. त्यानंतर गल्लीत चर्चा होते ती ‘तसे खरेच काही होते का’ याची, आणि जिच्यावर सुरा चालला तिच्याच वागण्याची चौकशी सुरू होते.

हिंगणघाटचे उदाहरण आठवावे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले आणि आठवडाभराने नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. आरोपी विवाहित होता, तिच्या मागे लागलेला होता आणि तिचा नकार त्याला माहीत होता. तरीही बातम्यांत पहिल्या दिवसापासून शब्द होता ‘एकतर्फी प्रेम’, आणि पुढे त्या घटनेला नाव पडले ‘जळीतकांड’, जणू काही जळले एवढेच घडले. १० फेब्रुवारी २०२२ रोजी आरोपीला जन्मठेप झाली. हिंगणघाटच्या हल्ल्याच्या तीस वर्षे आधी, १९९० मध्ये, उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आले होते. तेव्हाही शब्द हाच होता. मधल्या काळात कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने नकारानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. कायद्याकडे ‘पाठलाग’ आहे, बातमीकडे मात्र अजून ‘प्रेम’च आहे.

‘किरकोळ’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. धक्का लागला, तंबाखू दिली नाही, गाडी आडवी लावली, अशी कारणे त्यात येतात. कारण किरकोळ असल्याचा निर्वाळा देताना बातमीदाराने त्या दोघांमधले आधीचे काही तपासलेले असते का, एवढेच विचारावेसे वाटते.

वृत्तपत्रांत काम केलेले, न्यायालयाशी संबंध असलेले आणि केवळ वाचक असलेले, सर्वांची मते वाचायला आवडतील. राजकीय पक्षांवर घसरू नये ही विनंती.

जुना_उपसंपादक

धागाकर्तीचे निरीक्षण मान्य आहे. हे मथळे कसे तयार होतात ते सांगितले तर चर्चेला उपयोग होईल, म्हणून लिहितो. मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली आणि असे मथळे स्वतः दिले आहेत.

तालुक्याचा बातमीदार बहुतेक वेळा पूर्णवेळ पगारी नसतो. त्याचे दुकान असते किंवा तो शिक्षक असतो. संध्याकाळी तो पोलीस ठाण्यात जातो, हल्ली तर जातही नाही, कारण ठाण्याचे टिपण व्हॉट्सॲपच्या गटावर येते. त्या टिपणाची भाषा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा नमुना असा : ‘यातील आरोपी याने यातील मयत हिचे चारित्र्यावर संशय घेऊन, तिस शिवीगाळ करून, राहते घरी लोखंडी पाइपने डोक्यात मारून तिस जिवे ठार मारले म्हणून वगैरे मजकुराचे फिर्यादीवरून’. ही भाषा कितीही बोजड असली तरी एक गोष्ट तिच्यात ठाम असते. ‘आरोपी याने’ हा कर्ता सुरुवातीलाच असतो आणि ‘संशय घेऊन’ हे त्याचेच कृत्य म्हणून नोंदलेले असते. डेस्कवर आम्ही ते सुबोध करतो म्हणजे काय करतो? ‘आरोपी याने’ काढतो आणि ‘संशय घेऊन’चे ‘संशयावरून’ करतो. टिपणातला आरोपीने घेतलेला संशय मथळ्यात कोणाचाही नसलेला, हवेतला संशय होतो. एककॉलमी मथळ्याच्या ओळीत जेमतेम दहा-बारा अक्षरे मावतात, रात्री पान सोडायची वेळ ठरलेली असते आणि तयार शब्दसमूह हाताशी असतात.

दुसरा मुद्दा ‘अत्याचार’ या शब्दाचा. ‘बलात्कार’ हा शब्द पहिल्या पानावर शक्यतो नको, कारण पेपर घरातली सगळी माणसे वाचतात, असा अलिखित दंडक आम्ही सुरुवातीला शिकलो. त्याआधीच्या पिढीत ‘अब्रू लुटली’ आणि ‘अतिप्रसंग’ होते. त्यांच्या तुलनेत ‘अत्याचार’ बरा असे आम्हाला वाटे. पण आज एकाच पानावर ‘विद्यार्थिनीवर अत्याचार’, ‘वृद्धेवर अत्याचार’ आणि ‘दलित अत्याचार प्रतिबंधक समितीची बैठक’ अशा तीन बातम्या असू शकतात आणि पहिल्या दोन बातम्यांत नेमके काय घडले ते शेवटच्या परिच्छेदातले कलम पाहिल्याशिवाय कळत नाही. विनयभंग झाला, बलात्कार झाला की मारहाण झाली, हे वाचकाने ओळखायचे.

तिसरी गोष्ट नव्या वाचकांना बहुधा माहीत नसेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतक्या वेळा येत असे की तिचा मजकूर जणू जुळवूनच ठेवलेला असे. भडका फक्त सुनांच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, हे डेस्कवरही बोलले जाई. पण पोलिसांची नोंद आकस्मिक मृत्यूची, मग आम्ही वेगळे काय छापणार? १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचे कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये लग्नापासून सात वर्षांच्या आतील संशयास्पद मृत्यूंसाठी ३०४-ब आले. त्यानंतर ‘हुंडाबळी’ हा शब्द आम्ही मथळ्यात बिनधास्त घालू शकलो. म्हणजे कायद्याने शब्द दिला की वर्तमानपत्र तो उचलते. मग ‘पाठलाग’ आजवर का उचलला गेला नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. सवय हे उत्तर मानायचे असेल तर मानावे.

काळा_डगला

मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो. वरील दोन्ही प्रतिसादांना जोडून एक बाब लक्षात आणून देतो, जी मला सर्वांत विचित्र वाटते.

आरोपीने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. कोठडीत माणूस काय बोलेल याचा भरवसा नाही, म्हणून हा नियम आहे. परंतु ज्या विधानावर न्यायाधीश विश्वास ठेवू शकत नाही, तेच दुसऱ्या दिवशी ‘प्रेमसंबंधातून खून’ म्हणून छापून येते. यात अन्याय दोघांवर होतो. आरोपी निर्दोष असेल तर त्याच्यावर कबुली चिकटते आणि तो दोषी असेल तर त्याची सबब मृताला चिकटते.

काही जण म्हणतील की सौम्य भाषा ही कायदेशीर खबरदारी आहे. ती अंशतःच आहे. ‘आरोपी’, ‘संशयित’, ‘आरोप आहे’ हे शब्द लिहिलेच पाहिजेत. निकालापूर्वी कोणालाही ‘खुनी’ म्हणणे चूक आहे. पण ही खबरदारी कोणी केले याबाबत आहे, काय झाले याबाबत नाही. एखाद्या तरुणीच्या मानेवर कोयत्याचे वार झाले हे निर्विवाद असते. ‘प्रेम’ हा शब्द कोणत्याही कलमाने सक्तीचा केलेला नाही.

तरीही दोष केवळ बातमीदारांवर ढकलू नये, कारण सरकारी आणि न्यायालयीन भाषा फार वेगळी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात २८,५२२ खून नोंदलेले आहेत आणि त्यांच्या हेतूंच्या तक्त्यात ‘प्रेमप्रकरण’ आणि ‘अनैतिक संबंध’ हे रकाने आहेत. सर्वांत मोठा रकाना ‘वाद’ हा आहे, ९,९६२ खुनांचा. नकार दिल्यामुळे झालेला खून या तक्त्यात कुठे भरायचा? तो ‘प्रेमप्रकरणा’तच जाणार. ‘विनयभंग’ हा शब्दही मूळ कायद्यातला आहे. १८६० च्या दंड संहितेतली स्त्रीच्या ‘विनया’ची कल्पना भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये तशीच चालू आहे. कलम बदलणे बातमीदाराच्या हाती नाही, पण ‘विनयभंग’ लिहून थांबण्याऐवजी बसमध्ये काय केले ते एका वाक्यात लिहिणे त्याच्या हाती नक्कीच आहे.

न्यायालयांचेही दाखले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा मथुरा खटला सर्वांना माहीत असेल. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले आणि अंगावर जखमा नाहीत म्हणून जे घडले ते शांततेत पार पडले अशा अर्थाचे शब्द निकालात वापरले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र त्या शब्दांवरच बोट ठेवणारे होते आणि त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांविषयीचे साचेबद्ध शब्द टाळण्यासाठी न्यायाधीशांकरिता पुस्तिका काढली. ‘छेडछाड’ या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ असे स्पष्ट म्हणावे, असे तीत सुचवलेले आहे. वृत्तपत्रांसाठी तशी पुस्तिका मराठीत निघाली तर मला आनंदच होईल.

अवांतर : वर्तमानपत्राने खुन्याला नायक केल्याचे मुंबईतले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले होते आणि जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले होते. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्याला अन्याय झालेला सज्जन पती म्हणून रंगवले, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाला तो कौल बाजूला सारावा लागला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. संतापाच्या भरात झालेला गुन्हा ही पळवाट न्यायालयाने नाकारली होती. वाचकांनी मात्र ती केव्हाच मान्य केली होती.

सडेतोड

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही. कोयता घेऊन निघालेला माणूस मथळे वाचून निघत नाही. ‘एकतर्फी प्रेमातून’ऐवजी ‘पाठलाग करून’ लिहिल्याने एकही मुलगी वाचणार नाही. उलट मी म्हणेन की आपली वर्तमानपत्रे पुरेशी कठोर नाहीत. ‘नराधम’, ‘हैवान’, ‘माथेफिरू’ हे शब्द वापरलेच पाहिजेत. अशा लोकांची ओळख समाजाला पटली पाहिजे आणि त्यांना लाज वाटली पाहिजे.

पागोळी

सडेतोड, मथळ्यामुळे गुन्हे घडतात असा माझा दावा नाही. बातमी वाचणारे पोलीस असतात, शिक्षक असतात, मुलीचे आईवडील असतात. ‘तो तिच्यावर प्रेम करतो’ असे वाक्य ज्यांच्या मनात आधीच तयार आहे ते पहिली तक्रार आल्यावर ‘समज देऊन सोडून देऊ’ म्हणतात. मला चिंता त्या पहिल्या तक्रारीची आहे. गावात ‘रोडरोमिओंचा बंदोबस्त करा’ असे निवेदन दिले जाते, त्याआधीच्या पिढीत ‘सडकसख्याहरी’ असा गमतीदार शब्द होता; या शब्दांमुळे शाळेच्या वाटेवर रोज उभा राहणारा माणूस धोका वाटण्याऐवजी एक उपद्रवी पण हास्यास्पद पात्र वाटतो.

‘नराधम’ या शब्दाविषयी माझे मत तुमच्या उलट आहे. तो शब्द कठोर दिसतो, पण काम मवाळ करण्याचेच करतो. माणूस नराधम ठरला की तो आपल्यातला राहत नाही. तो कोणाचा तरी काका, शेजारी, शिकवणीचा सर होता ही माहिती मागे पडते, आणि लैंगिक गुन्ह्यांत बहुसंख्य आरोपी पीडितेच्या ओळखीचेच असतात हे तर सरकारी आकडेवारी दरवर्षी सांगते. ‘माथेफिरू’चेही तसेच. वेड लागलेला माणूस आठवडाभर पाळत ठेवून पेट्रोल विकत घेत नाही. शिवाय ज्यांना खरोखर मानसिक आजार आहे त्यांच्यावर हा शब्द नाहक शिक्का मारतो.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यातली. एवढी चर्चा स्त्रियांवरील गुन्ह्यांभोवती झाली ते योग्यच आहे, पण आमच्या भागात या भाषेने काय केले ते सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावाने घरातून ओढून काढून ठार मारले. वडील तेवढे वाचले. पार्श्वभूमी जमिनीच्या वादाची आणि एका मारहाणीच्या प्रकरणात दिलेल्या साक्षीची होती. सुरुवातीच्या बातम्यांत मात्र जे कारण फिरले ते होते ‘अनैतिक संबंध’. गावकऱ्यांनी पोलिसांना सांगितले, पोलिसांनी बातमीदारांना आणि बातमीदारांनी आम्हाला. चार माणसांचा निर्घृण संहार एका बाईच्या वागणुकीचा परिणाम म्हणून छोट्या चौकटीत छापला गेला. राज्यभर त्याची दखल घेतली गेली ती महिन्याहून अधिक काळाने, नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर आल्यानंतर. त्यानंतर शब्द बदलला आणि ‘हत्याकांड’ झाला. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली, आणि दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू होत असल्याचे मान्य केले नाही. पहिल्या आठवड्यातले ते कारण किती लांबवर पोचते याचा विचार करावा.

याच जातीचा आणखी एक शब्दप्रयोग म्हणजे ‘दोन गटांत हाणामारी’. मारणारे चाळीस आणि मार खाणारे एका घरातले पाच असले तरी ‘दोन गट’ आणि ‘हाणामारी’. ‘मारहाण’ म्हटले की कोण कोणाला हा प्रश्न उभा राहतो. ‘हाणामारी’त तो उरतच नाही. पोलिसांनी दोन्ही बाजूंवर गुन्हे दाखल केले की मथळ्याला आधारही मिळतो.

प्रेमविवाहानंतर मुलीच्या घरच्यांनी केलेल्या खुनांनाही २०१६ पासून एक तयार नाव मिळाले आहे : ‘सैराटची पुनरावृत्ती’. त्या चित्रपटाचा शेवट पाहून ज्यांना रडू आले त्यांनीच तो शब्द मथळ्यासाठी वापरायला घ्यावा याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. खुनाची बातमी वाचताना वाचकाच्या कानात गाणे वाजू लागते.

गावकूस

वैनगंगा यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. जमावाच्या हिंसेबद्दल थोडी भर घालतो.

‘चोराला नागरिकांनी दिला चोप’, ‘यथेच्छ धुलाई’, ‘बेदम प्रसाद’ हे शब्द आपण हसत वाचतो. चोप हा शब्द खोडकर मुलाला आई देते त्या माराचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याआधीचे काही आठवडे व्हॉट्सॲपवर अफवा फिरत होत्या आणि ठिकठिकाणी अनोळखी माणसांना ‘चोप’ मिळाल्याच्या बातम्या येत होत्या. त्या बातम्यांत मार खाणारे कोण होते, ते खरेच चोर होते का, मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला का, हे क्वचितच असे. माणूस मेला की मगच चोपाची ‘मारहाण’ होते.

पोलीस चकमकींची भाषा तर अभिमानाची आहे. ‘कंठस्नान’, ‘यमसदनी धाडले’, ‘खात्मा’. मुंबईतल्या काही अधिकाऱ्यांना तर ‘चकमकफेम’ ही पदवीच मराठी पत्रकारितेने बहाल केली, आणि ती पदवी नावाआधी लावताना कोणाला काही खटकले नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात झालेली एक ‘चकमक’ बनावट होती हे सत्र न्यायालयात सिद्ध झाले, २०१३ मध्ये पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली, आणि तेव्हा सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यालाही मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरले. त्या निकालाच्या बातम्यांतही ‘चकमकफेम’ होतेच.

मिलानवासी

फार दिवसांनी इथे लिहितो आहे. मी इटलीत राहतो. इथे आब्रू राखण्यासाठी केलेल्या खुनाला कमी शिक्षा देणारे कलम १९८१ पर्यंत दंड संहितेत होते. कलम गेले, पण ‘भावनेच्या भरात’, ‘मत्सरातून’ ही भाषा बातम्यांत पुढे कित्येक वर्षे टिकली. २०१७ मध्ये इथल्या महिला पत्रकारांनी व्हेनिसमध्ये एक जाहीरनामा काढला, आणि खुनाच्या बातमीत मारणाऱ्याच्या सबबी मध्यभागी ठेवू नयेत असा आग्रह त्यात धरला. तो सगळे पाळतात असे नाही. पण न पाळणाऱ्या वर्तमानपत्राला वाचक तो जाहीरनामा दाखवू शकतात, एवढा फरक मला दिसतो.

जुना_उपसंपादक

जागेच्या सबबीबद्दल मीच लिहिले होते, म्हणून तिचे दुसरे टोकही सांगतो. ‘पत्नीचा खून, पतीला अटक’ हा मथळा चार शब्दांचा आहे आणि एका कॉलमात आरामात बसतो. संशय, प्रेम, राग हे सगळे तिसऱ्या परिच्छेदात ‘असे आरोपीने सांगितल्याचे पोलिसांनी कळवले’ या शब्दांसह जाऊ शकते. हे अवघड नाही. आता अडचण वेगळी आहे. पोर्टलवर बातमी उघडली जावी म्हणून कारणच मथळ्यात हवे असते, आणि तेही अर्धवट : ‘आधी फिरायला नेले, मग संपवले, कारण ऐकून पोलीसही चक्रावले’. छापील पानावरचा ‘खून’ पडद्यावर ‘संपवले’ झाला आहे. ‘काटा काढला’ हा प्रयोग तर सर्वांत वाईट, कारण मेलेला माणूस काटा होता हे फक्त मारणाऱ्याचेच मत असते.

वैनगंगा

उपसंपादक, तुमचा चार शब्दांचा मथळा मला आवडला, पण तोच नियम सरसकट लावायला मी धजावणार नाही. मथळ्यातून कारण काढायचे ठरले तर ‘हुंड्यासाठी’ आणि ‘जातीच्या कारणावरून’ हेही निघून जाईल, आणि ‘चौघांचा खून, आठ अटकेत’ एवढेच उरेल. खैरलांजीत पहिल्या दिवशी नेमके तेच झाले असते तर आम्हाला बरे वाटले असते का? बदनामी टळली असती, पण जातही झाकली गेली असती.

काळा_डगला

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या मते भेद स्रोताचा करावा. हुंड्याची मागणी मृत मुलीच्या माहेरचे सांगतात, जातीचा मुद्दा वाचलेला नातेवाईक फिर्यादीत नोंदवतो. संशय आणि प्रेम आरोपी सांगतो. फिर्यादीत असलेले कारण फिर्यादीच्या नावावर मथळ्यात द्यायला हरकत नसावी.

वैनगंगा

फिर्याद कोणत्या शब्दांत लिहून घ्यायची हे ठाणे अंमलदार ठरवतो. माझ्या माहितीतल्या एका प्रकरणात जातीवाचक शिवीगाळ झाल्याचे सांगूनही फिर्यादीत ‘अश्लील शिवीगाळ’ एवढेच आले होते आणि पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला नातेवाइकांना वकील गाठावा लागला. बातमीदार त्या संध्याकाळी घरी गेला असता, नुसते टिपण वाचले नसते, तर त्याला ते ऐकायला मिळाले असते. घर ठाण्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होते.